कंट्री गाण्याला साताऱ्याची साथ

प्रिय इरा आणि कबीर,

परवा फोनवर कबीरनं विचारलं, "आजी, तू खरंच काउबॉयच्या बँडमध्ये होतीस, की बाबा जोक करतोय?" मी उत्तराला सुरुवात केली आणि लाइन गेली. ती पुन्हा लागेपर्यंत तुमची शाळेची बस आली होती. तुमच्या बाबाकडून ही हकिगत ऐकाल तर तीत घोडा येईल, बंदूक येईल आणि मी हॅट घालून उभी असेन. लहानपणापासून तो असाच सांगतो. तेव्हा आत्ताच, त्याची आवृत्ती तुमच्या डोक्यात पक्की व्हायच्या आत, जे झालं ते मी लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू दे. बाबाला मोठ्यानं वाचायला लावा, पण मध्ये भर घालू देऊ नका.

अबुधाबी

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. मीनलआत्या तेव्हा अबुधाबीत राहायची. तिचे यजमान श्रीरंगकाका तेलकंपन्यांना पंप आणि व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये होते. तुमची तन्वीताई नऊ वर्षांची होती. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि हिवाळा लेकीकडे काढायचा असं ठरलं होतं.

विमानतळाबाहेर पडल्यावर शाल काढून पिशवीत ठेवली, ती साताऱ्याला परत येईपर्यंत बाहेर काढावी लागली नाही. आपल्याकडे त्या दिवसांत सकाळी तोंडातून वाफ निघते. तिथे लोक "काय छान थंडी पडलीय" म्हणत आणि गाडीत एसी लावत. राष्ट्रीय दिन नुकताच होऊन गेला होता आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरची रोषणाई अजून उतरवली नव्हती. वाळवंटात आहोत हे विसरायला लावणारी हिरवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. तिला रोज पाणी देतात. ती इतकी नीट कापलेली की तिच्यावर बसावं की तिच्याकडे पाहावं, कळत नसे.

मला खरी मौज वाटली ती इमारतीखालच्या किराणा दुकानाची. मीनलनं फोनवर सांगायचं, "भाई, एक धनिया, दो दही, यल्ला जल्दी," आणि दुकानातले मलबारी भाई कोथिंबिरीची एक जुडी घेऊन लिफ्टनं आठव्या मजल्यावर. एका जुडीसाठी लिफ्ट! तन्वीला मी हे नवल सांगितलं तर ती म्हणाली, "सो? हाउ एल्स विल इट कम अप?" मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे तिचं व्याकरण तपासायचा हात शिवशिवे, पण नात ती नात.

मक्याची भाकरी

शुक्रवार तिथे सुट्टीचा. पहिल्याच शुक्रवारी श्रीरंगकाकांच्या एका क्लायंटकडे जेवायला जायचं होतं. त्यांचं नाव रे. टेक्सासचे, तेलविहिरी खोदण्याच्या कामातले, उंचेपुरे, उन्हानं तांबूस झालेले.

गाडीत बसताना श्रीरंगकाका म्हणाले, "आई, रे माझे मोठे क्लायंट आहेत. तुम्ही व्हेज आहात हे सांगून ठेवलंय. बाकी काही ऑफर केलं तर नुसतं नो थँक यू म्हणा."

"मी काय तिथे बीअर पिणार आहे?" मी म्हटलं.

"तसं नाही हो आई."

"मग कसं?"

मीनल पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून हसत होती.

जेवण अंगणात होतं. एका बाजूला मोठ्या शेगडीवर मांस भाजत होतं. माझ्यासाठी रे यांच्या पत्नीनं वेगळ्या भांड्यात राजम्यासारख्या लहान, ठिपकेदार बिया मंद आचेवर शिजवून ठेवल्या होत्या. सोबत बिडाच्या जड तव्यात भाजलेली मक्याची जाड भाकरी. भाकरीत अंडं होतं म्हणून ती आधी मला देईनात. मग त्या बाई आत गेल्या आणि माझ्यासाठी बिनअंड्याची एक करून घेऊन आल्या. ती जरा भुगा झाली, पण चव ओळखीची होती. "आमच्याकडे मक्याच्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खातात," असं मी सांगितलं, तर त्यांनी सिरक्यात मुरवलेल्या मिरच्यांची बरणी माझ्यापुढे आणून ठेवली. परक्या घरी इतक्या लवकर माझं क्वचित जमलं असेल.

त्यांचा मुलगा वेस्ली नाताळसाठी टेक्सासहून आला होता. पंचविशीतला, सडपातळ, इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट. मी आले तेव्हा उठून उभा राहिला आणि डोक्यावरची हॅट काढून हातात धरली. मला तो "मिस सुमती" म्हणू लागला. मला वाटलं, याला आडनाव उच्चारता येत नसेल. पण रे यांनी सांगितलं की त्यांच्या भागात वडीलधाऱ्या बाईला असंच हाक मारतात: पहिलं नाव आणि आधी मिस. म्हणजे आपलं 'सुमतीबाई'च की! मला ते फार आवडलं.

वेस्ली गायक होता. त्याची एक रेकॉर्ड तिकडे निघाली होती, दोन गाणी रेडिओवर वाजली होती आणि लोक त्याला नावानं ओळखू लागले होते. तो गायचा त्या गाण्याला कंट्री म्हणतात. त्यांच्या गावाकडचं गाणं. त्यात गुरं, दुष्काळ, नवराबायकोची भांडणं, देव आणि दारू, सगळं असतं. पूर्वी या गाण्याला फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, आणि स्टील गिटारची साथ असे. मग मोठ्या कंपन्यांनी ते चकचकीत केलं. कीबोर्ड आले, ढोलांचा दणका वाढला. वेस्लीला ते जुनं, आजोबांच्या वेळचं गाणं परत आणायचं होतं.

जेवणानंतर त्यानं साधी गिटार घेतली आणि रे यांनी फिडल. बापलेकांनी एक गाणं म्हटलं. आजीच्या शेतावर एक पवनचक्की असते, आजी गेल्यावर तिला तेल घालणारं कुणी उरत नाही, आणि वारा सुटला की ती कुरकुरते. बस, एवढंच. त्याच्या आवाजात काही सजावट नव्हती. दारात उभं राहून कुणी बोलावं तसा तो गात होता. पण प्रत्येक ओळीनंतर तो थांबे आणि तिथे काहीच वाजत नसे. पायरी उतरताना खाली पायरीच नसावी, तसं होई.

मी विचारलं, "मध्ये एवढी जागा रिकामी का?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथे स्टील गिटार असते, मॅम," वेस्ली म्हणाला. "वाजवणारा माझा मित्र. त्याला मागच्या आठवड्यात एका मोठ्या गायकाच्या दौऱ्यावर घेतलं. तो तिकडे गेला."

मग रे यांनी सगळं सांगितलं. वेस्लीच्या कंपनीला दुसरी रेकॉर्ड चकचकीत पद्धतीची हवी होती. करार झालेला होता, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नव्हता. त्यानं भांडून एक संधी मिळवली होती. नव्या वर्षाच्या आत एका जाहीर कार्यक्रमाची टेप पाठवायची, सगळी गाणी जुन्या पद्धतीनं गायलेली. लोकांना ते भावतं असं टेपवर ऐकू आलं तर दुसरी रेकॉर्ड त्याच्या मनासारखी. नाहीतर त्यांच्या. अबुधाबीत त्याच्या भागातली तेलवाली माणसं शेकड्यांनी होती, म्हणून रे यांनी पुढच्या गुरुवारी एका हॉटेलचा हॉल घेतला होता. त्यानंतरचा गुरुवार नाताळचा, आणि मग रमजान. रमजानात तिथे हॉटेलांतलं गाणंबजावणं बंद असतं.

"म्हणजे तोच एक गुरुवार," रे म्हणाले, "आणि स्टील नाही."

"स्टील गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडा सरकवून वाजवतात तीच ना?" मी विचारलं.

"येस मॅम. आता तिला पाय वगैरे आलेत. पण मूळची तीच."

"ती मी वाजवते," मी म्हटलं.

श्रीरंगकाकांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तन्वी म्हणाली, "आजी, सीरियसली?"

यात नवल काही नव्हतं. आम्ही तिला हवाईयन गिटार म्हणायचो. मी पुण्याला कॉलेजात होते तेव्हा ती शिकवणारे क्लास गल्लोगल्ली होते. उभं राहून गिटार वाजवणं माझ्या वडिलांना पसंत नव्हतं, पण ही बसून, मांडीवर, वीणेसारखी वाजवायची, म्हणून परवानगी मिळाली. मास्तरांनी मला नाट्यपदं आणि भावगीतं शिकवली. गायकाच्या गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, त्या दांड्यानं हुबेहूब काढता येते, म्हणून तर आपल्या लोकांना तिचं वेड. साताऱ्याला मी गणेशोत्सवात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवत आले. माझी गिटार साताऱ्याला कपाटात होती, एवढाच प्रश्न.

परतताना श्रीरंगकाका म्हणाले, "आई, हा माझा क्लायंट आहे हो."

"मग त्याला अडचणीत सोडायचं का?"

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "गिटार कुठून आणायची ते बघू."

रास अल खैमा

मीनलनं संध्याकाळभर फोन फिरवले. गणपती, दिवाळी, हळदीकुंकू यांत भेटणारी सगळी मराठी मंडळी तिनं पालथी घातली. शेवटी कुणीतरी म्हणालं, रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात परकार म्हणून आहेत, रत्नागिरीकडचे. त्यांनी एका लग्नात अशी आडवी गिटार वाजवली होती.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगकाकांनी ऑफिसातून रजा काढली आणि आम्ही दोघं निघालो. दुबई मागे पडल्यावर दोन्हीकडे नुसती वाळू, कुठे काटेरी झाडाखाली उंट. मग उजवीकडे डोंगर दिसू लागले. गवताचं पातं नसलेले, तपकिरी, उन्हात सुकत घातल्यासारखे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ते आधी उघडेबोडके वाटले. जवळ गेल्यावर त्यांत जांभळे, राखाडी असे किती रंग आहेत ते दिसलं आणि मी गाडी थांबवायला लावली.

परकारांचं घर समुद्राजवळ होतं. दार उघडताच नारळाच्या दुधाचा वास आला. परकारभाई साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा पायजमा. त्यांच्या पत्नी रुकय्याभाभींनी आम्हाला आधी बसवलंच नाही, सरळ जेवायच्या टेबलाशी नेलं. तांदळाची वाफवलेली मऊ लुसलुशीत सांदणं केली होती. श्रीरंगकाकांनी ती मटणाबरोबर खाल्ली, मी नारळाच्या गोड दुधाबरोबर.

"आणखी घ्या बाई," रुकय्याभाभी म्हणाल्या. "तुम्ही घाटावरचे लोक चिमणीसारखं खाता."

"भाभी, घाटावर आमच्या खाण्याला कुणी चिमणी म्हणत नाही," मी म्हटलं, आणि आणखी दोन घेतली.

गिटार परकारभाईंनी स्वतः आतून आणली. कलकत्त्याची बनावट, लाल रंगाची, विजेवर चालणारी. दांडा लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला. तारा गंजल्या होत्या, पण त्यांनी नवा सेट जपून ठेवला होता. "खांदा धरला तेव्हापासून वाजवत नाय," ते म्हणाले. "पण विकायचं मन होत नाय."

आम्ही दोघांनी मिळून तारा चढवल्या. बोटांत घालायच्या धातूच्या नख्या मला सैल झाल्या, त्या त्यांनी पकडीनं दाबून दिल्या. मी एक भावगीत वाजवलं. हात जड झाला होता, तरी सूर सापडत होते. रुकय्याभाभी ओढणीनं हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"घेऊन जा," परकारभाई म्हणाले. "पण एक अट हाय. मला पुढच्या रांगेत बसवायचं. ते कंट्री का काय ते मला ठाऊक नाय, पण गिटार माझी हाय."

"इन्शाल्ला, नक्की," श्रीरंगकाका म्हणाले. एव्हाना त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त उत्साह आला होता.

येताना गिटारीचा ॲम्प्लिफायर पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवला आणि मी मागे बसले. पेट्रोल पंपावरच्या पठाणानं पुढे वाकून पाहिलं आणि श्रीरंगकाकांना विचारलं, "अम्मा पीछे, और ये साहब आगे?"

तालीम

हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसा खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि गालिचा धुतल्याचा वास येत होता. हॉटेलच्या फिलिपिनो बँडमधले दोघे बास गिटार आणि ड्रमवर होते. त्यांना कंट्री गाणी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाठ होती. कार्यक्रम बघणारे मॅनेजर गोव्याचे, बोलायला अतिशय गोड.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता?" ते म्हणाले. "आमच्या कीबोर्डमध्ये सगळे साउंड्स आहेत. स्टील गिटार पण आहे. बटन दाबलं की खलास."

त्यांनी वाजवून दाखवलं. आवाज मिळताजुळता होता. पण एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो उडी मारत होता, मधला रस्ताच नव्हता. आमच्याकडे नाट्यपदांच्या कार्यक्रमात ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला तेव्हाही मला असंच चुकल्यासारखं वाटलं होतं. वेस्लीनं नम्रपणे मान हलवली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

आणि मग मी पार घोळ घातला.

आपल्याकडे गाण्याची साथ कशी करतात ते तुम्ही पाहिलं आहे. गायक एक ओळ म्हणतो, पेटीवाला सावलीसारखा त्याच्या मागोमाग जातो. गायकाचा एक सूर निसटू न देणं यात साथीदाराची शान. मी तेच केलं. वेस्लीनं पहिला शब्द उच्चारला आणि मी त्याच्या मागे लागले. त्यानं सूर लांबवला, मी लांबवला. त्यानं आवाज खाली आणला, मी मींड घेऊन खाली आले. मला वाटलं, छान जमतंय. तो श्वास घ्यायला थांबला की मीही शिस्तीत थांबत होते.

पहिलं कडवं कसंबसं संपलं. दुसऱ्यात त्याचे शब्द चुकले. तिसऱ्यात तो थांबलाच.

"मिस सुमती," तो म्हणाला, आणि गिटारीची एक खुंटी पिळू लागला. रे फिडलच्या तारा उगाच पुसू लागले.

"बोल की," मी म्हटलं.

"मॅम, तुम्ही माझ्याबरोबरच गाताय."

"मग? साथ म्हणजे दुसरं काय?"

त्यानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "असं समजा, मी ओट्यावर बसून तुम्हाला घरची गोष्ट सांगतोय. मी बोलत असताना तुम्ही ऐकता. मी दम खायला थांबलो की तुम्हाला त्याबद्दल काय वाटलं ते तुम्ही सांगता. मग मी पुढे बोलतो."

म्हणजे मी नेमकं उलटं करत होते. तो बोलताना बोलत होते आणि तो थांबला की गप्प बसत होते. त्याला हवा होता हुंकार. गोष्ट ऐकणाऱ्यानं मध्येच "हं" म्हणावं, "अरे देवा" म्हणावं, तेवढंच.

समजायला सोपं, करायला महाकठीण. सूर कानावर पडले की माझा हात आपोआप दांड्याकडे जाई. शेवटी तो गात असताना मी दांडा उचलून डाव्या हातात नुसता घट्ट धरून ठेवू लागले. मंगळवारी थोडं जमलं. बुधवारी वेस्लीनं एका गाण्यानंतर नुसतं "येस मॅम" म्हटलं. ते त्याच्या नेहमीच्या "येस मॅम"पेक्षा निराळं होतं.

गुरुवार

मीनलच्या हट्टापायी मी रेशमी साडी नेसले. रंगमंचावर बसल्यावर लक्षात आलं की रेशमावरून गिटार घसरते. पहिल्या गाण्यात ती माझ्या गुडघ्यांपर्यंत गेली आणि तिच्याबरोबर माझा सूरही. दोन गाण्यांच्या मध्ये मॅनेजरसाहेबांनी स्वतः येऊन टेबलावरचा जाड नॅपकिन दिला. तो मांडीवर पसरला आणि निर्धास्त झाले.

हॉल गच्च भरला होता. हॅटवाली माणसं, त्यांच्या बायका, हातात बीअरचे ग्लास. पुढच्या रांगेत परकारभाई काळ्या शेरवानीत आणि रुकय्याभाभी. शेजारी मीनल, तन्वी आणि श्रीरंगकाका. काका तर बोटं एकमेकांत अडकवून असे बसले होते की जणू माझीच बोर्डाची परीक्षा होती. मागे एका टेबलाशी टेप चालू होती. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ती.

त्यानंतरची दोन गाणी ठीक गेली. टाळ्या पडल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. तिकडचे लोक गाणं संपेपर्यंत हूं की चूं करत नाहीत आणि संपलं की छत डोक्यावर घेतात. चौथं गाणं पवनचक्कीचं. टेपवर तेच सगळ्यात महत्त्वाचं, असं वेस्लीनं आधीच सांगितलं होतं.

दुसरं कडवं संपलं आणि माझी जागा आली. मी काही ठरवलेलं नव्हतं. वरच्या सुरावरून अगदी सावकाश खाली आले, मध्ये एका ठिकाणी क्षणभर रेंगाळले आणि तिथेच सोडून दिलं. शेवटच्या सुरावर गेलेच नाही. तो वेस्ली म्हणेल, असं वाटलं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून परकारभाईंचा खणखणीत आवाज आला, "वा!"

साऱ्या हॅटा तिकडे वळल्या. रुकय्याभाभींनी त्यांचा वर गेलेला हात धरून खाली ओढला. वेस्ली अर्धा क्षण थांबला. मग मी सोडलेला तो सूर त्यानं उचलला आणि तिसरं कडवं असं म्हटलं की तालमीत एकदाही तसं झालं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर परकारभाई भिंतीशी उभे होते, चेहरा उतरलेला. "माझ्यामुळे पोराची टेप खराब झाली," ते म्हणाले. "काय करू बाई, तोंडातून निघून गेलं. सवय."

टेपवाल्यानं तो भाग पुन्हा लावला. "वा!" अगदी स्पष्ट होतं, गिटारीचा सूर विरायच्या आत, त्यालाच चिकटून. ते कापायचं तर मींडही कापावी लागणार होती. दुसरा गुरुवार नव्हता.

वेस्लीनं मला विचारलं, "ते काय म्हणाले?"

मी म्हटलं, "आमच्याकडे ऐकणाऱ्याला गाणं संपेपर्यंत दम निघत नाही. आवडलं की तो तिथल्या तिथे सांगून टाकतो."

वेस्लीनं परकारभाईंकडे पाहिलं. "म्हणजे मी गोष्ट सांगत होतो, तुम्ही त्यावर बोललात, आणि ते तुमच्यावर बोलले?"

"तसंच."

तो हसू लागला. रे म्हणाले, "बाळा, कंपनीवाले विचारतील हा कोण ओरडतोय." वेस्ली म्हणाला, "विचारू देत." आणि त्यानं परकारभाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. टेप जशीच्या तशी गेली.

कंपनीचं उत्तर मी साताऱ्याला परतल्यावर आलं. मीनलनं फोनवर सांगितलं: नाही. आवाज जुनाट वाटतो, स्टील गिटार फार रडते आणि मध्येच कुणीतरी ओरडतं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. वेस्लीनं त्यांच्या पद्धतीची रेकॉर्ड करून दिली, करार संपवला आणि तो घरी गेला. त्यांच्या पद्धतीची ती रेकॉर्ड फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे त्याच्याच गावाजवळच्या एका छोट्या कंपनीनं ती गुरुवारची टेप ऐकली आणि आहे तशी, एकही सूर न बदलता, बाजारात आणली. ती हळूहळू खपली, मग भराभर. आता त्याचा मित्र परत त्याच्याकडे स्टील वाजवतो. तिकडे त्याच्या कार्यक्रमांना बसायला जागा मिळत नाही आणि आणखी दोनतीन तरुण मुलं तसंच जुनं गाऊ लागली आहेत, असं रे यांनी नाताळच्या कार्डात लिहिलं होतं.

ते हॉटेल आता पाडलं आहे. मीनलआत्या मस्कतला गेली हे तुम्हाला माहीतच आहे. परकारभाई रिटायर होऊन रत्नागिरीजवळ गावी राहतात आणि गिटार त्यांच्याकडे आहे. रेकॉर्डची एक सीडी माझ्याकडे आहे, दुसरी तुमच्यासाठी या पाकिटात घातली आहे. मागच्या बाजूला वाजवणाऱ्यांची नावं आहेत: फिडल, बास, ड्रम, मग स्टील गिटारपुढे मिस सुमती, आणि सगळ्यांच्या शेवटी मिस्टर परकार, त्यांच्यापुढे नुसतं 'वा'. चौथं गाणं लावा. दुसऱ्या कडव्यानंतर ते अजून ऐकू येतं.

तुमची,
आजी